इंग्लंडमधली जन्मठेप 15 वर्षांत संपत नाही

‘इंग्लंडमध्ये खुनाला जन्मठेप म्हणजे 15 वर्षं, मग माणूस मोकळा,’ असं बरीच वर्षं फिरतंय. 15 हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच ते पटतं.

प्रौढाने केलेल्या खुनाला तिथे जन्मठेपच द्यावी लागते. सोबत न्यायाधीश एक किमान मुदत ठरवतात. ती मोजायला सुरुवात कुठून करायची, हे कायद्यात आहे: साधारणपणे 15 वर्षं, घटनास्थळी चाकू मुद्दाम नेला असेल तर 25, बंदूक वापरली तर 30. अतिगंभीर खुनात मरेपर्यंत तुरुंग. मग परिस्थिती पाहून आकडा वरखाली होतो. इतर कैद्यांना मुदतीच्या आधी मिळणारी आपोआप सुटका इथे नाही.

किमान मुदत संपली की फक्त पॅरोलचा, म्हणजे अटींवर सुटका द्यायची का याचा, विचार सुरू होतो. धोका वाटला तर कैदी आतच राहतो. सुटला तरी अटी आयुष्यभर. मोडल्या तर पुन्हा तुरुंग. पीडितांच्या घरच्यांना हा फरक कळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

पडताळायचं असेल तर ब्रिटनच्या सरकारी कायदे संकेतस्थळावर 2020 चा शिक्षाविषयक कायदा उघडा आणि परिशिष्ट 21 वाचा.