व्हित्तोरिओ दे सीका

(७ जुलै १९०१–१३ नोव्हेंबर १९७४). इटालियन चित्रपट दिग्दर्शक व अभिनेता. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत बहरलेल्या नववास्तववादी (सामान्यांचे जगणे खऱ्या रस्त्यांवर, बहुधा नवख्या नटांना घेऊन टिपणाऱ्या) चित्रपटाचा एक प्रमुख शिल्पकार.

जन्म लात्सिओ प्रांतातील सोरा येथे. बालपण नेपल्समध्ये गेले. वडील बँकेत नोकरीला; घरात पैशाची चणचण असे. १९२३ च्या सुमारास तो नाटक कंपनीत शिरला. दिग्दर्शक मारिओ कामेरिनीच्या १९३२ मधील एका विनोदी चित्रपटाने त्याला रातोरात नायक बनवले. त्यात त्याने गायलेले ‘पार्लामी दामोरे, मारिऊ’ हे गाणे इटलीभर लोकांच्या तोंडी झाले. कष्टकऱ्यांची दुःखे पुढे ज्याने पडद्यावर आणली, तो तोवर सुटाबुटातला, गोड गळ्याचा नट होता. नटांकडून काम काढून घेण्याची त्याची हातोटी याच अनुभवातून आलेली दिसते.

१९४० पासून तो दिग्दर्शन करू लागला. सुरुवातीचे चित्रपट हलकेफुलके होते. पटकथाकार चेझारे झावात्तिनीशी जोडी जमल्यावर वळण बदलले. ‘शूशा’ (१९४६) मध्ये रोममधील बूटपॉलिश करणारी दोन पोरे घोडा विकत घेण्याच्या नादात काळ्या बाजारात ओढली जातात आणि बालतुरुंगात पोहोचतात. इटलीत चित्रपट चालला नाही. अमेरिकेत मात्र त्याला विशेष ऑस्कर मिळाले. परभाषिक चित्रपटांसाठी स्वतंत्र स्पर्धा तेव्हा नव्हती.

आपल्याकडे ‘बायसिकल थीव्ह्ज’ या नावाने परिचित असलेला चित्रपट १९४८ चा. भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळालेल्या आंतोनिओची सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते. बायकोने चादरी गहाण टाकून ती सोडवून आणलेली असते. मग बापलेक रोमभर तिचा शोध घेत फिरतात. अमेरिकन निर्माता डेव्हिड सेल्झनिक पैसे घालायला तयार होता, पण नायक म्हणून त्याला कॅरी ग्रँट हवा होता. दे सीकाने नकार दिला आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातील कामगाराला उभे केले. (चित्रपट जगभर गाजला, पण माज्जोरानीची कारखान्यातली नोकरी गेली.) कॅमेरा रस्त्यावर नेला की असा चित्रपट आपोआप होतो, हा समज चुकीचा आहे. त्यातल्या साध्या दिसणाऱ्या प्रसंगांमागे काटेकोर आखणी आहे.

मुंबईत १९५२ च्या आरंभी भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर (१९५३) त्याची छाप स्पष्ट आहे. सत्यजित राय यांनी तो आधीच, १९५० मध्ये लंडनला पाहिला होता.

‘मिराकोलो आ मिलानो’ला (१९५१) कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. मात्र दे सीकाची सर्वोत्तम कृती ‘उम्बेर्तो डी.’ (१९५२) हीच. भाडे थकलेला पेन्शनर आणि त्याचा कुत्रा, एवढीच गोष्ट. मुख्य भूमिकेत कार्लो बात्तिस्ती हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. घरातली मोलकरीण मारिया लग्नाआधीच गरोदर आहे. ती पहाटे उठते, गॅस पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी टाकते, खुर्चीत बसून कॉफी दळते आणि बसल्या बसल्या पाय लांबवून पायाच्या बोटाने दार लोटते; डोळ्यांतून पाणी येत असते. कथानक इथे इंचभरही सरकत नाही. दुसऱ्या दिग्दर्शकाने हा प्रसंग संकलनात उडवला असता. चित्रपटाने इटलीची लक्तरे वेशीवर टांगली अशी टीका तेव्हाचे उपमंत्री जुलिओ आंद्रेओत्ती यांनी केली. तिकीटबारीवरही तो पडला. दे सीकाने तो आपल्या वडिलांना अर्पण केला होता. त्यांचेही नाव उम्बेर्तो.

पुढे पैशासाठी त्याने मिळेल ती कामे केली. जुगाराचा नादही होताच. नट म्हणून तो शंभराहून अधिक चित्रपटांत दिसतो. बरेचसे विसरण्याजोगे असले, तरी दिग्दर्शक रोस्सेल्लिनीच्या ‘जनरल देल्ला रोव्हेरे’तील (१९५९) तोतया सेनापती अव्वल दर्जाचा आहे. ‘ला चोचारा’ने (१९६०) सोफिया लॉरेनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवून दिले; इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील भूमिकेला असा मान प्रथमच मिळत होता. ‘येरी, ओज्जी, दोमानी’ (१९६३) आणि इटलीतील फेर्रारा शहरातल्या ज्यू कुटुंबाची वाताहत दाखवणारा ‘इल जार्दिनो देई फिंझी-कोंतिनी’ (१९७०) यांना परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. दुसऱ्याला बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण अस्वल, हाही मिळाला. लॉरेन आणि रिचर्ड बर्टन यांचा ‘इल व्हियाज्जो’ (१९७४) हा त्याचा शेवटचा चित्रपट. तो फारसा कुणाच्या स्मरणात नाही. त्याच वर्षी पॅरिसलगतच्या न्यूयी येथे त्याचे निधन झाले.