चूक, गुंतागुंत की हलगर्जीपणा : बालहृदयोपचारातील सुरक्षेची पार्श्वभूमी

१९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळावर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढची अनेक दशके यशाचे श्रेय व अपयशाचे खापर दोन्ही शल्यविशारदाच्या वाट्याला जात राहिले. सारे काही शल्यविशारदावरच अवलंबून असते हा समज मोडला तो ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या रुग्णालयातील बालहृदय शस्त्रक्रियांच्या चौकशीने. तिच्या २००१ च्या अहवालानुसार १९९१ ते १९९५ या काळात तेथे एक वर्षाखालील ३० ते ३५ बाळे अपेक्षेपेक्षा अधिक दगावली. एका भूलतज्ज्ञाने धोक्याची सूचना आधीच दिली होती, पण ती वेळीच ऐकली गेली नाही.

नागपुरात या विषयाची चर्चा अडते ती एका शब्दापाशी. मृत्यू झाल्यावर केसपेपरवर 'गुंतागुंत' लिहिले जाते, नातेवाईक 'हलगर्जीपणा' म्हणतात, तक्रारीत 'निष्काळजीपणा' येतो आणि सुरक्षेच्या दृष्टीने ज्याची खरी गरज असते तो साधा शब्द, 'चूक', कोणीच उच्चारत नाही. याला कायद्याचा इतिहास कारणीभूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्या. २००५ मध्ये डॉक्टरवरील फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा असावा लागतो असे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी सर्वसाधारण शिक्षा पाच वर्षांपर्यंत, तर उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत आहे. याला सवलत म्हटले गेले. प्रत्यक्षात जुन्या भारतीय दंड संहितेतही कमाल मर्यादा दोन वर्षांचीच होती. ब्रिस्टलच्या चौकशीने तर वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांची पद्धतच मोडीत काढावी, कारण तिच्यामुळे माणसे मोकळेपणाने बोलत नाहीत, अशी शिफारस केली होती. ती ब्रिटननेही स्वीकारली नाही. पालकांच्या बाजूने पाहिले तर ते बरेच झाले, कारण दाव्याची भीती गेली म्हणून लपवालपवी थांबेलच असे नाही.

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाल्यावर अंगणवाडी आणि शाळांतील तपासणीत हृदयदोष सापडू लागले, आणि सुमारे १७० किलोमीटरवरच्या गडचिरोलीसारख्या ठिकाणाहून बाळ नागपूरला आणायचे म्हणजे सुरक्षेची साखळी ऑपरेशन थिएटरच्या कितीतरी आधी सुरू होते, हे ध्यानात आले.

या साखळीतील सर्वांत नाजूक कडी थिएटर ते आयसीयू ही आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर असते आणि औषध प्रति किलो, प्रति मिनिट मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते. दशांशचिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो. अशा बाळाचे व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि ठरावीक वेगाने औषध सोडणारे सिरिंज पंप बदलत असतानाच सगळे एकदम बोलू लागतात. लंडनच्या एका बालरुग्णालयाने यासाठी मोटारशर्यतीतील पिटस्टॉपचा, म्हणजे शर्यतीच्या मध्येच काही सेकंदांत गाडीची चाके बदलणाऱ्या चमूच्या कामाचा, अभ्यास केला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : आधी उपकरणे जोडायची, मग एकाने माहिती सांगायची, बाकीच्यांनी ऐकायचे.

राहतो तो नोंदीचा प्रश्न. नर्सने पंपावरचा चुकीचा आकडा वेळीच दुरुस्त केला, बाळ सुखरूप राहिले, तर रात्रपाळीच्या नोंदवहीत 'प्रकृती स्थिर' एवढेच उरते. थोडक्यात हुकलेल्या अशा प्रसंगासाठी रूढ मराठी शब्द नाही, आणि बहुतेक नोंदवह्यांत त्यासाठी रकानाही नसतो.