शेकरूचं घर नेमकं कुठे असतं?

भीमाशंकरच्या जंगलात वर पाहत चाललं, की उंच झाडाच्या शेंड्याजवळ वाळक्या पानांचा मोठा गोळा अडकलेला दिसतो. पहिल्यांदा वाटतं, वाऱ्याने पाचोळा साचला असावा. ते शेकरूचं घरटं असतं. थोडं पुढे गेलं की दुसरं दिसतं, मग तिसरं. ही तीन शेकरांची तीन घरं असतीलच असं नाही. एकच शेकरू आपल्या हद्दीत अनेक घरटी बांधतं.

शेकरू म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेपटीसकट लांबी जवळपास एक मीटर आणि वजन दीड-दोन किलो, म्हणजे अंगणातल्या खारीच्या कितीतरी पट. एवढ्या जनावराला झाडाच्या ढोलीत राहणं सोपं नाही, त्यामुळे ते बहुतेक वेळा उघड्यावर घर बांधतं. बाहेरून काटक्या आणि पानं लागलेल्या डहाळ्या एकमेकींत गुंतवायच्या, आत मऊ पानांचं अस्तर घालायचं. डहाळ्या दातांनी ताज्या तोडलेल्या असतात. म्हणून नवं घरटं हिरवं दिसतं, जुनं तपकिरी पडत जातं.

बांधकामापेक्षा मला जास्त नवल वाटतं ते जागेच्या निवडीचं. जाड, भक्कम बुंध्याजवळची सोपी जागा शेकरू सहसा टाळतं आणि उंचावरच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात घर करतं. तिथे बिबट्याचं वजन पेलत नाही. पण बारीक फांदीवर एखादा साप किंवा शिकारी पक्षी येऊ शकतोच. तेव्हा पळायला वाट हवी, म्हणून शेजारच्या झाडांच्या फांद्या येऊन भिडलेल्या असतील असंच झाड निवडलं जातं. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याचे सगळे रस्ते हवेतले, फांदीवरून फांदीवर जाणारे. मधे फट आली तर ते सहा मीटरपर्यंत झेप घेऊ शकतं.

मग घरटी अनेक कशाला? शेकरू दिवसाचा प्राणी आहे, रात्री घरट्यात झोपतं. आज या टोकाच्या उंबराला फळं धरली, उद्या त्या टोकाच्या जांभळाला, तर संध्याकाळी जवळचं घर गाठता येतं. त्यातलंच एखादं पिलासाठी राखलं जातं. पिलू बहुधा एकच असतं.

त्याच जंगलातली मोठी उडणारी खार मात्र उलट वागते. ती निशाचर आहे आणि दिवसभर जुन्या झाडाच्या ढोलीत झोपते. तिला पोकळ झालेले म्हातारे वृक्ष हवेत, शेकरूला एकमेकांना भिडलेले शेंडे. देवराईत दोन्ही मिळतं, कारण तिथे पिढ्यान् पिढ्या कुणी कुऱ्हाड चालवलेली नसते. भीमाशंकरच्या राईत हिंडताना हे फार जाणवतं.

शेकरू पानांत लपलं की दिसत नाही, घरटी मात्र दिसतात. त्यामुळे वनखात्याच्या गणतीत घरटीही मोजली जातात. पण एका प्राण्याची घरं अनेक आणि त्यातली काही सोडून दिलेली, त्यामुळे दहा घरटी म्हणजे दहा शेकरं असा हिशेब चालत नाही. आधी हिरवं कोणतं आणि वाळकं कोणतं ते पाहावं लागतं. शिवाय रानातून रुंद रस्ता गेला, मधलं एखादं झाड पडलं, की वरची वाट तुटते. घरट्याचं झाड शाबूत उभं असतं, पण शेकरू तिकडे फिरकेनासं होतं आणि तो गोळा हळूहळू विस्कटत जातो.