कायझेन

कायझेन : रोजच्या कामातल्या लहानसहान अडचणी, ते काम करणाऱ्या माणसांनीच शोधून, कमी खर्चात आणि सतत दूर करत राहण्याची पद्धत. शब्द जपानी आहे. ‘काइ’ म्हणजे बदल, ‘झेन’ म्हणजे चांगला. व्यवस्थापनावरच्या मराठी लेखनात ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ असा प्रतिशब्द दिसतो, पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत तो क्वचितच कानावर पडतो. तिथे सुधारणेची सूचना फॉर्मवर द्यायची असल्याने कायझेन ‘लिहितात’, ‘टाकतात’ आणि महिनाअखेर जवळ आली की ‘भरतात’. पाच एस (कामाची जागा लावण्याच्या पाच पायऱ्या), क्वालिटी सर्कल (कामातले प्रश्न सोडवणारी कामगारांची छोटी मंडळे), टीपीएम (सगळ्यांनी मिळून यंत्रांची देखभाल), लीन (वाया जाणारे कमी करणे), सिक्स सिग्मा (आकडेवारीच्या आधारे दोष कमी करणे) ही याच गोतावळ्यातली नावे. सल्लागार त्यांच्यातले भेद आवर्जून सांगतात. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला त्यांचे फारसे सोयरसुतक नसते.

पूर्वपीठिका : काम मोजून सुधारण्याची कल्पना मुळात जपानी नाही. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ मध्ये ‘शास्त्रीय व्यवस्थापना’ची मांडणी केली. त्याला छळणारा प्रश्न साधा होता : हातात कसब असूनही कामगार मुद्दाम हळू काम का करतो? उत्तरही त्याला ठाऊक होते. नगावर मजुरी असलेल्या कामगाराने जास्त नग काढले की मालक नगाचा दर उतरवत असे. घाम जास्त, पैसे तेवढेच. टेलरने यावर स्टॉपवॉच काढले. कामाचा विचार नियोजन विभागाने करायचा आणि ठरवून दिलेल्या रीतीने कामगाराने हात चालवायचे, अशी वाटणी त्याने केली. त्याच काळात फ्रँक गिलब्रेथने वीट रचतानाच्या अठरा हालचाली पाचांवर आणल्या. पण दर उतरण्याची भीती या मोजमापाने गेली नाही. ती आजही गेलेली नाही, आणि या नोंदीत पुढे ती पुन्हा भेटेल.

१९२४ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने नियंत्रण आलेख तयार केला. यंत्रातून निघणारे माप थोडे इकडेतिकडे होणारच. त्यातला नेहमीचा हेलकावा कोणता आणि खरा बिघाड कोणता, हे या आलेखावरून कळते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेला. त्याच परंपरेतल्या डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंगची जपानमधली गाजलेली व्याख्याने १९५० ची. म्हणजे विद्या आपल्याकडे काही उशिरा आली नव्हती. तिचे पुढे काय झाले, एवढाच फरक.

जपानमध्ये त्याच १९५० साली टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती. कामगारकपात झाली, मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी पद सोडले. या संघर्षातून कंपनी आणि युनियन यांच्यात हळूहळू एक समजूत तयार झाली : राहिलेल्यांची नोकरी शाबूत राहील, त्याबदल्यात कामगार कामाच्या रीती बदलायला तयार राहतील. टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांची उत्पादनपद्धती या पायावर उभी राहिली. त्यांनी वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार पाडले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, नको त्या हालचाली आणि सदोष माल. बिघाडाच्या मुळाशी जाण्यासाठी पाच वेळा ‘का’ विचारायचे ही युक्तीही त्यांनी रूढ केली. मशीन बंद का पडली? फ्यूज उडाला. का? बेअरिंग कोरडे पडून लोड वाढला. तेल का नव्हते? पंप ओढत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नसल्याने लोखंडाचा कीस आत गेला. फ्यूज बदलून थांबणारा माणूस तोच फ्यूज पुन्हा बदलतो.

जपानी व्यवस्थापन सल्लागार मासाकी इमाई यांच्या १९८६ मधल्या लेखनाने कायझेन हा शब्द जगभर गेला. शब्द प्रवासाला निघाला, नोकरीची हमी जपानमध्येच राहिली.

भारतात क्वालिटी सर्कलची सुरुवात १९८० मध्ये भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) हैदराबादजवळच्या कारखान्यात झाली. काओरू इशिकावा यांनी जपानमध्ये १९६२ पासून रुजवलेल्या मंडळांचा तो नमुना होता. गुणवत्तेसाठी जपानमध्ये दिले जाणारे डेमिंग पारितोषिक मिळवणारी पहिली भारतीय कंपनी चेन्नईची सुंदरम-क्लेटन (१९९८). नाशिकमध्ये कारखाना असलेल्या सिएट या टायर कंपनीला ते २०१७ मध्ये मिळाले.

नाशिकमधील पार्श्वभूमी : जपानी शब्द येण्याच्या कितीतरी आधी नाशिकमध्ये जागच्या जागी वस्तू आणि मोजून हिशोब ही शिस्त दोन ठिकाणी तरी होती. नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. नोटांच्या छपाईत चांगल्या कागदाइतकाच बिघडलेला कागदही मोजून हिशोबात धरावा लागतो. ‘रिजेक्शन’ टोपलीत टाकून मोकळे होण्याची सोयच नाही. दुसरे ठिकाण ओझर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा इथला कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. विमानाच्या कामात एक पाना जरी परत आला नाही तरी तो सापडेपर्यंत विमान सोडता येत नाही, म्हणून प्रत्येक हत्याराच्या आकाराची सावली रंगवलेला फळा असतो : जागा रिकामी दिसली की हत्यार बाहेर आहे. पाच एसच्या प्रशिक्षणात हा फळा नवलाई म्हणून दाखवतात. ओझरला नोकरी केलेल्या माणसाला त्यात नवल ते काय, असे वाटले तर चूक नाही.

मात्र पद्धतींचा खरा प्रसार झाला तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सातपूर आणि नंतर अंबड वसाहतींतून. महिंद्राचा वाहन कारखाना आणि डिझेल इंजेक्टर बनवणारी बॉश (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘मायको’च) यांच्याभोवती प्रेसशॉप (पत्रा दाबून सुटे भाग काढणे), टर्निंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग करणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे तयार झाले. मोठ्या कंपनीचा क्वालिटी इंजिनीअर ‘व्हेंडर’कडे ऑडिटला येतो आणि जाताना यादी देऊन जातो : जमिनीवर पिवळे पट्टे, लाल डबा फक्त रिजेक्शनचा, प्रत्येक मशीनवर कामाची रीत लावलेली. त्यामुळे नाशिकच्या कितीतरी लहान मालकांची कायझेनशी पहिली ओळख सुधारणा म्हणून झाली नाही, ऑर्डर टिकवण्याची अट म्हणून झाली. सातपूरची ‘निमा’ आणि अंबडची ‘आयमा’ या उद्योजक संघटनांनी ही ओळख पुढे वाढवली.

पाच एस : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, मराठीत वर्गीकरण, मांडणी, सफाई, प्रमाणीकरण आणि शिस्त. कामगारांच्या भाषेत या सगळ्याला मिळून ‘आवराआवर’ म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो. नको ते बाहेर काढणे हा पहिला एस सर्वांत अवघड. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून ठेवलेला जुना फिक्स्चर (काम करताना नग पकडून ठेवणारा सांगाडा) टाकायला मालक सहसा राजी नसतो. मग त्यालाच रंग देऊन रॅकमध्ये बसवतात. ऑडिटला तो उत्तम दिसतो.

डाय बदलणे : पद्धतीचे खरे बळ पाहायचे तर प्रेसशॉपमध्ये जावे. दीडशे टनांच्या प्रेसवर एका पार्टचा लॉट संपला आणि दुसऱ्या पार्टची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) चढवायची आहे. प्रेस बंद होते. डाय बसवणारा सेटर ती शोधायला जातो. ती रॅकच्या खालच्या कप्प्यात, दुसऱ्या डायच्या मागे. हेल्पर फोर्कलिफ्टवाल्याला हाक मारायला जातो. डाय आली, तर आधीच्या डायपेक्षा उंचीने कमी. म्हणून पॅकिंगच्या पट्ट्या शोधायच्या. क्लॅम्पचे चार बोल्ट चार लांबीचे, आणि पाना एकच, तोही शेजारच्या मशीनवर. सगळे बसले, पहिला पीस निघाला, तो तपासणीला गेला. तपासणारा चहाला गेलेला. या सगळ्या वेळात सेटर हातावर हात धरून बसलेला नाही. तो घामाघूम झालेला आहे, आणि तरीही त्याने केलेल्यापैकी फार थोडे काम डाय बदलण्याचे होते.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने अशा कामाचे दोन भाग केले : मशीन बंद ठेवूनच करावे लागणारे आणि मशीन चालू असताना उरकता येणारे. दुसरे सगळे आधी आणि नंतर ढकलायचे. पुढची डाय, पट्ट्या, बोल्ट, पाना एका ट्रॉलीवर लॉट संपायच्या आत प्रेसपाशी आणून ठेवायचे. ट्रॉलीची उंची प्रेसच्या बेडइतकी केली की डाय ढकलून आत जाते. सगळ्या डायना खालून प्लेट लावून उंची एक केली की पॅकिंग सुटते आणि बोल्टही एकाच मापाचे होतात. बोल्ट घट्ट होतो तो शेवटच्या फेऱ्यात. आधीचे फेरे नुसतेच फिरवायचे, म्हणून तेवढेच आटे बाहेर राहतील अशा लांबीचा बोल्ट घ्यायचा. दहा मिनिटांच्या आत बदल, हे शिंगोंचे उद्दिष्ट. यासाठी लागते ते वेल्डिंग, थोडी प्लेट आणि सेटरला विचारण्याची तयारी. यातल्या बहुतेक युक्त्या त्याला आधीच सुचलेल्या असतात.

मोजमाप : सेइइची नाकाजिमा यांनी मांडलेल्या टीपीएममध्ये मशीनच्या एकूण परिणामकारकतेचा आकडा काढतात, सगळे त्याला ‘ओईई’ म्हणतात. समजा, ४८० मिनिटांच्या पाळीतून जेवण आणि दोन चहा वजा जाता ४३० मिनिटे उरली. त्यात मशीन ७० मिनिटे बंद होती, म्हणजे ३६० मिनिटे चालली : ८३.७ टक्के. मिनिटाला एक या वेगाने ३६० नग निघायला हवे होते, निघाले ३०० : ८३.३ टक्के. त्यातले २८५ चांगले : ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार सुमारे ६६ टक्के. प्रत्येक आकडा वेगळा पाहिला तर बरा वाटतो. गुणाकार पाहिला की तिसरा हिस्सा गेलेला दिसतो. ८५ टक्के ही जागतिक दर्जाची पातळी मानतात. फळ्यावर रोज ८५ च्या वर लिहिणाऱ्या कारखान्यात आधी ‘मिनिटाला किती नग’ हा पायाच कमी धरलेला नाही ना, ते पाहावे.

वाचलेला वेळ कोणाचा : कायझेनवरच्या बहुतेक लेखनात हा प्रश्न एका ओळीत संपतो. नाशिकसारख्या कामगार संघटनांची जुनी परंपरा असलेल्या गावात तो संपत नाही. मोठ्या कारखान्यांत वेतनकरार साधारण तीन-साडेतीन वर्षांनी होतो आणि पगारवाढीच्या समोरच्या रकान्यात उत्पादनवाढ असते. ऑपरेटरने स्वतःच्या डोक्याने एका नगामागे चार सेकंद वाचवले, ते कायझेनच्या फॉर्मवर लिहिले, आणि पुढच्या करारात तीच चार सेकंदे नव्या ‘नॉर्म’मध्ये, म्हणजे पाळीत काढायच्या नगांच्या ठरलेल्या आकड्यात आली, तर त्याने भेट म्हणून मिळालेल्या स्टीलच्या डब्याच्या मोबदल्यात आपला श्वास विकला असा त्याचा हिशोब होतो. मग खरी युक्ती तो स्वतःपाशी ठेवतो आणि फॉर्मवर ‘पंख्याची दिशा बदलली’ असे लिहितो. टेलरला १९११ च्या आधी दिसलेला कामगार तो हाच. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. त्याचे गणित चुकले आहे हे दाखवणे अवघड.

दुसरी अडचण कंत्राटी कामगारांची. आज लाइनवर मोठ्या संख्येने कंत्राटी किंवा शिकाऊ मुले असतात. सहा-सात महिन्यांत चेहरे बदलतात. मशीनचा आवाज ओळखू येईपर्यंत माणूस निघून जातो. अशा ठिकाणी सुधारणा सुचवण्याचे काम पुन्हा इंजिनीअरकडे जाते, म्हणजे फिरून टेलरचीच वाटणी. पद्धत टिकलेली दिसते त्या कारखान्यांत दोन गोष्टी बहुधा सापडतात : सूचनेला ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर मिळते, नाकारली तरी, आणि वाचलेल्या वेळाचा काही हिस्सा उघडपणे कामगारांच्या पदरात पडतो.

सरकारी योजना : लहान उद्योगांसाठी केंद्राने २०१६ मध्ये ‘झेड’ म्हणजे शून्य दोष, पर्यावरणावर शून्य परिणाम ही योजना आणली; २०२२ मध्ये ती कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा पायऱ्यांत नव्याने सुरू झाली. प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८०, लघुउद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के सवलत आहे. लीनसाठीची वेगळी योजना मार्च २०२३ पासून नव्या रूपात आली.

कारखान्याबाहेर : जिल्ह्यात या विचाराचा सर्वांत कडक वापर द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये दिसतो, जरी तिथे त्याला कायझेन म्हणत नाहीत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि निर्यातदारांना जबर फटका बसला. अपेडा या कृषी निर्यात पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीत निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी, उर्वरित अंशाची तपासणी आणि पेटीवरचा माग असे सगळे साखळीने जोडलेले आहे. युरोपातल्या पेटीवरून दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातला नेमका प्लॉट काढता येतो. इथे शत्रू वेळच आहे. सकाळी तोडलेला घड दुपारच्या उन्हात क्रेटमध्ये थांबला तर देठ सुकू लागतो, म्हणून बाग ते प्री-कूलिंग (साठवणीआधी माल झटपट गार करणे) या अंतरात क्रेट कुठे आणि किती वेळ उभा राहतो हे पाहावे लागते; ओनोंच्या यादीतले ‘वाट पाहणे’ ते हेच. पुढे शून्य अंशाच्या आसपास साठवण. टेबलावर घड छाटणाऱ्या बायकांच्या कात्रीला टोक बोथट असते, शेजारच्या मण्याला लागू नये म्हणून. प्रत्येक कात्रीला नंबर असतो, आणि पाळी सुटताना ती मोजून परत घेतात.