दुसरा शो आणि दुसरा ब्रँड: कोलिजनला ‘एईडब्ल्यूचा स्मॅकडाऊन’ म्हणण्यापूर्वी

१७ जून २०२३ रोजी शिकागोच्या युनायटेड सेंटरमधून एईडब्ल्यू या अमेरिकी कुस्ती कंपनीचा ‘कोलिजन’ हा शनिवारचा साप्ताहिक शो सुरू झाला, आणि तेव्हापासून त्या कंपनीविषयीच्या जवळजवळ प्रत्येक वादात एक विधान गृहीत धरले जाते: प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूईप्रमाणे आता एईडब्ल्यूनेही ब्रँड स्प्लिट केला, म्हणजे कुस्तीगीर आणि विजेतेपदे दोन शोंमध्ये वाटून टाकली. हे विधान सरळसरळ चुकीचे आहे. त्यावर उभे राहिलेले वादही त्यामुळे जागच्या जागी फिरत राहतात, कारण एक जण नव्या शोबद्दल बोलत असतो, दुसरा नव्या ब्रँडबद्दल, आणि आपण एकाच गोष्टीवर भांडत आहोत असे दोघांनाही वाटते.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या रॉ आणि स्मॅकडाऊन या दोन शोंची ओळख मराठी प्रेक्षकाला नव्याने करून देण्याची गरज नाही. मार्च २००२ मध्ये पहिला ड्राफ्ट, म्हणजे कुस्तीगिरांची निवडून वाटणी, झाला, रॉ रिक फ्लेअरकडे आणि स्मॅकडाऊन विन्स मॅकमहनकडे गेला, रॉकची निवड स्मॅकडाऊनने केली आणि अंडरटेकरची रॉने, एवढी उजळणी पुरे. मात्र आपल्याकडे ज्या पिढीला टेन स्पोर्ट्समुळे या कुस्त्यांची गोडी लागली, तिच्यासमोर प्रामुख्याने विभागणीनंतरचा स्मॅकडाऊन आला, त्यामुळे त्याआधीच्या काळाचा विसर पडणे स्वाभाविक आहे. ऑगस्ट १९९९ पासून मार्च २००२ पर्यंत, म्हणजे सुमारे अडीच वर्षे, स्मॅकडाऊन दर आठवड्याला होत होता आणि तरीही ब्रँड नव्हता. सोमवारी रॉमध्ये जे घडे त्याचे पुढचे पाऊल गुरुवारी स्मॅकडाऊनमध्ये पडत असे. कुस्तीगीर तेच, भांडणे तीच, आणि मुख्य म्हणजे चॅम्पियनही तोच. ज्याच्याशी कोलिजनची तुलना केली जाते तो स्मॅकडाऊन आधी केवळ दुसरा शो होता आणि नंतर दुसरा ब्रँड झाला, ही गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

वार, वाहिनी, लांबी, मंचाची सजावट, निवेदकांची जोडी या फरकांवर चाहते फार वेळ घालवतात. ते फरक खरे आहेत, परंतु त्यांवरून काहीही ठरत नाही.

ठरते ते विजेतेपदावरून. एखाद्या कंपनीत दोन शो आहेत की दोन ब्रँड, हे पाहण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: जगज्जेतेपदाचा बेल्ट ज्याच्या खांद्यावर आहे, तो कोणतेही कारण न देता दुसऱ्या शोमध्ये येऊ शकतो का, आणि तिथल्या कुस्तीगिराला त्याच्या बेल्टवर दावा सांगता येतो का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर तो दुसरा शो आहे, मग त्याचे नाव आणि रंग कितीही वेगळे असोत. ‘नाही’ असेल तर तो दुसरा ब्रँड आहे.

२००२ सालची घटनावळ या कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहे. ड्राफ्ट झाला तेव्हा मुख्य बेल्ट एकच होता आणि तो ज्याच्याकडे असेल तो दोन्हीकडे दिसत असे. अंडरटेकर रॉचा असूनही चॅम्पियन या नात्याने स्मॅकडाऊनमध्ये येत होता. कागदावर विभागणी झाली होती, पण ती अर्धीच होती. ऑगस्टमध्ये समरस्लॅम या कार्यक्रमात ब्रॉक लेस्नरने रॉकला हरवून तो बेल्ट जिंकला, त्यानंतर तो फक्त स्मॅकडाऊनशी करारबद्ध झाला, आणि २ सप्टेंबरला रॉचा जनरल मॅनेजर एरिक बिशॉफ याने वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियनशिपचा बेल्ट ट्रिपल एचच्या हाती दिला. माझ्या मते ब्रँड स्प्लिटची खरी तारीख ही आहे, मार्चमधली नव्हे. उलट बाजूचे उदाहरण अलीकडचे आहे. एप्रिल २०२२ मध्ये रोमन रेन्सने दोन्ही मोठी विजेतेपदे मिळवली आणि पुढचे वर्षभर रॉकडे स्वतःचा जगज्जेता नव्हता. त्या काळात विभागणी नावापुरतीच उरली होती, आणि म्हणूनच २०२३ मध्ये रॉसाठी नवा वर्ल्ड हेवीवेट बेल्ट तयार करावा लागला, जो सेथ रोलिन्सने जिंकला.

आता हीच कसोटी कोलिजनला लावावी. तिथे ड्राफ्ट झाला नाही, आणि कोलिजनचा वेगळा जगज्जेताही कधी नव्हता. जुलै २०२३ मध्ये डायनामाइट या एईडब्ल्यूच्या बुधवारच्या मुख्य शोवरची स्पर्धा जिंकून तेव्हाचा जगज्जेता एमजेएफ आणि अॅडम कोल हे एफटीआर या जोडीच्या टॅग टीम विजेतेपदाचे दावेदार झाले आणि तो सामना कोलिजनमध्ये झाला. तो तिथे का होत आहे, हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या काँटिनेंटल क्लासिक या साखळी स्पर्धेत गोल्ड लीगचे सामने डायनामाइटवर आणि ब्लू लीगचे कोलिजनवर होते, पण शेवटी एडी किंग्स्टन आणि जॉन मॉक्सली एकाच अंतिम सामन्यात समोरासमोर आले. ही कामाची वाटणी आहे, कुस्तीगिरांची नव्हे.

मग गैरसमज झाला कसा? त्याला सबळ कारण आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑल आउट या कार्यक्रमानंतर सीएम पंक आणि द एलीट (केनी ओमेगा व यंग बक्स यांचा गट) यांच्यात पडद्यामागे हाणामारी झाली होती, आणि कोलिजन सुरू झाला तेव्हा पंक शनिवारी व केनी ओमेगा आणि यंग बक्स बुधवारी, अशी व्यवस्था सर्वांना उघड दिसत होती. त्यात पंकने आपणच खरे चॅम्पियन आहोत असे सांगत जुन्या बेल्टवर फुली रंगवली, आणि कोलिजनला स्वतःचा जगज्जेता मिळाला असे अनेकांनी मानले. कंपनीने त्या बेल्टला अधिकृत विजेतेपद मानले नव्हते. काही माणसे एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून केलेली ती सोय होती, आणि सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला पंकला काढून टाकल्यावर तिची गरजही उरली नाही. टीएनटी चॅम्पियनशिप म्हणजे कोलिजनचा बेल्ट, हा दुसरा गैरसमज मला अधिक खटकतो. तो बेल्ट २०२० मधला आहे, कोडी ऱ्होड्सने जिंकलेला. त्या वेळी डायनामाइटच टीएनटी वाहिनीवर होता आणि कोलिजनचा मागमूसही नव्हता.

हे स्पष्ट झाले की चाहत्यांच्या मतांकडे न्यायाने पाहता येते. जे म्हणतात की दुसऱ्या शोमुळे मजकूर पातळ होतो, त्यांचे दाखले सहसा दुसऱ्या शोचेच असतात आणि ते भक्कम आहेत. जानेवारी १९९८ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने थंडर हा दुसरा शो सुरू केला, त्याच महिन्यात तिचा मुख्य शो नायट्रो तीन तासांचा झाला, आणि आठवड्याला पाच तास भरताना तेच चेहरे झिजत गेले. २०११ मध्ये विभागणी संपल्यानंतरचा स्मॅकडाऊनही तसाच सोमवारच्या घटनांची उजळणी होऊन बसला होता. याउलट, गुणी कुस्तीगिरांना वाव मिळतो म्हणणाऱ्यांचे उत्तम दाखले दुसऱ्या ब्रँडचे असतात: कर्ट अँगल, एज, एडी गरेरो आणि रे मिस्टेरिओ यांच्यामुळे गाजलेला २००२ चा स्मॅकडाऊन, किंवा रेसलमेनिया २१, जिथे एकाच रात्री बटिस्टा आणि जॉन सीना हे दोघेही पहिल्यांदा जगज्जेते झाले. एकच बेल्ट असता तर त्यांपैकी एकाला थांबावे लागले असते. हा विभागणीचा मोठा गुण आहे, आणि मी तो मान्य करतो.

तरीही माझा कौल एका जगज्जेत्यालाच आहे. दोन जगज्जेते असले की त्यांतला एक दुय्यम ठरतोच, आणि त्याच्या विजयाची किंमत प्रेक्षक मनातल्या मनात कमी करतो. एईडब्ल्यूने कोलिजनला स्वतंत्र बेल्ट दिला नाही, हा त्या कंपनीच्या उत्तम निर्णयांपैकी एक आहे. शनिवारच्या शोला वेगळेपण हवे असेल तर ते लांब, सावकाश रंगणाऱ्या सामन्यांतून यावे, जसे ते सुरुवातीच्या महिन्यांत आले होते.

राहता राहिला एईडब्ल्यूचा रॅम्पेज. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेला हा तासाभराचा शुक्रवारचा शो डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. त्याच्यासाठी कोणताही बेल्ट रिकामा करावा लागला नाही आणि कोणालाही दुसरीकडे ‘हलवावे’ लागले नाही, कारण तिथे कोणी नेमलेलेच नव्हते. डब्ल्यूडब्ल्यूईने ऑगस्ट २०११ मध्ये विभागणी संपवली, तेव्हा मात्र दोन जगज्जेते मागे उरले, आणि रँडी ऑर्टनने जॉन सीनाला हरवून ते दोन बेल्ट एकत्र करण्यास १५ डिसेंबर २०१३ उजाडावा लागला.