होमलँड सिक्युरिटीने १.६ अब्ज गोळ्या घेतल्या म्हणून भाव वाढले? हे खोटं आहे

अमेरिकेत शूटिंग रेंजवर नेमबाजीला जाणारी मंडळी अजूनही सांगतात की २०१२-१३ला होमलँड सिक्युरिटी या देशांतर्गत सुरक्षेच्या सरकारी खात्याने मुद्दाम १.६ अब्ज राऊंड (गोळ्या) उचलून बाजार रिकामा केला, म्हणून साध्या माणसाला गोळ्या मिळेनात. असं काही झालेलं नाही. तो आकडा पाच वर्षांपर्यंतच्या कॉन्ट्रॅक्टची कमाल मर्यादा होती, म्हणजे लागलं तर एवढं घेता येईल, घेतलंच पाहिजे असं नाही, आणि त्यात मोठा वाटा ट्रेनिंगचा. अमेरिकी संसदेसाठी सरकारी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने जानेवारी २०१४ला रिपोर्ट दिला: २०१३च्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष खरेदी साधारण ८.४ कोटी राऊंड, आणि २००९पासून खरेदी कमीच होत गेलेली. कुठे १.६ अब्ज आणि कुठे हे!

मग माल गेला कुठे? लोकांच्या घरात. डिसेंबर २०१२ला सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, बंदुकांवर कडक कायद्याची चर्चा सुरू झाली आणि जो तो दिसेल तो बॉक्स उचलायला लागला. सगळ्यात जास्त काळ गायब होती ती .२२ लाँग रायफल नावाची छोटी गोळी, जी या खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सर्व्हिस पिस्तुलात चालतच नाही, एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती खरं तर. कारखाने चार दिवसांच्या गर्दीसाठी नवीन मशिनरी टाकत नाहीत, त्यामुळे तुटवडा लांबला, आणि तो बघून लोक अजून साठवत गेले. २०२०ला परत तेच झालं. आणि २०१३ला दुप्पट-तिप्पट भाव देऊन घेतलेला माल २०१८ला दुकानात बराच स्वस्त मिळत होता.