कमळ की कुमुदिनी? टब भरण्याआधी पान बघा

नर्सरीत ‘कमळ द्या’ म्हटलं की पुष्कळदा हातात पडते ती वॉटर लिली, म्हणजे आपली कुमुदिनी. मलाही पहिल्यांदा तीच मिळाली. कमळासारखी पानं पाण्याच्या वर कधी येतात याची मी वर्षभर वाट बघितली. ती येणारच नव्हती. दोन्ही चिखलात वाढतात, दोन्ही देखणी. पण टब, ऊन आणि मासे यांचा हिशेब अगदी वेगळा.

ओळखायचं ते पानावरून. कुमुदिनीच्या पानाला कडेपासून देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरून राहतं. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मध्ये, उघडलेल्या छत्रीसारखं. कमळाचीही पहिली काही पानं तरंगतात, तिथेच माणूस फसतो. पण चीर त्यांनाही नसते. शंका वाटली तर पानावर चार थेंब टाका. अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन घरंगळले, तर कमळ.

वनस्पतिशास्त्रात ही दोघं जवळची नातेवाईकसुद्धा नाहीत. कमळाचं नातं काश्मीरच्या चिनाराशी निघतं! नावांचा गोंधळ मात्र आपणच घातलाय. नीलकमळ म्हणतो ती निळी कुमुदिनी. खऱ्या कमळात निळा रंग नसतोच, म्हणून ‘निळ्या कमळाचं बी’ अशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका. आणि कासच्या पठारावरच्या कुमुदिनी तळ्यात पांढरी, झालरीच्या पाकळ्यांची इवली फुलं दिसतात, ती तिसरीच वनस्पती.

आता टब. कमळाचं खोड चिखलात आडवं धावतं, म्हणून त्याला भोक नसलेला, गोल आणि पसरट टब द्या, तोंड निदान दीड-दोन फुटांचं. चौकोनी टबाच्या कोपऱ्यात कोंब अडकतो. लावताना कोंबाचं टोक मोडलं तर ती गाठ, म्हणजे लावायचा खोडाचा तुकडा, बहुधा वाया जाते, तेव्हा जपून. सहा तास कडक ऊन नसेल तर कमळाच्या वाटेला जाऊ नका, नुसती पानं मिळतील. कुमुदिनी चार-पाच तासांच्या उन्हातही फुलते. तिला छोट्या कुंडीत लावून ती कुंडीच पाण्यात बुडवून ठेवता येते, त्यामुळे बाल्कनीसाठी माझं मत तिलाच. माती दोघांनाही चिकट, गाळाची हवी. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नको, ते तरंगून वर येतं.

थंडीत कमळाची पानं करपतात, देठ वाळतात. झाड मेलं असं समजून लोक टब ओततात, ते बघून जीव तुटतो. खाली चिखलात गाठी जिवंत असतात. माती ओली ठेवा, ऊन तापलं की नवी पानं येतील. आपल्याकडच्या कुमुदिनी थंडीत थोड्या मंदावतात, इतकंच.

मासे सोडायचे तर कुमुदिनीचा टब बरा. कुंडीवर फूटभर पाणी राहतं, पानांची सावली पडते, उन्हाळ्यात पाणी लवकर तापत नाही. कमळाच्या टबात चिखल जास्त, पाणी चार-सहा इंच. मे महिन्यात त्यात माशांचे हाल होतात. चार-पाच गप्पी पुरे, डासांच्या अळ्या ते फस्त करतात. गोल्डफिश नको, तो माती उकरून पाणी गढूळ करतो. शेणखत घातलं असेल तर वर मातीचा जाड थर द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. ताज्या खताच्या पाण्यात मासे मरतात. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच घाला. गप्पींची पिल्लं फार झाली तर कुणा हौशी माणसाला द्या, नदी-तळ्यात सोडू नका. तिथल्या माशांच्या मुळावर येतात ती.

कुमुदिनीच्या काही जातींत जुन्या पानावर, देठ जुळतो त्याच जागी, नखाएवढं रोप फुटतं. त्याला मुळं आली की पानासकट खुडून ओल्या मातीवर दाबून ठेवा. माझ्याकडची तिसरी कुंडी अशीच तयार झाली आहे.